वातावरण आणि आधारनाद : एक रॉकगीत व पवन मावळातील जात्यावरची ओवी

१

'वातावरण' हा शब्द मराठी समीक्षेत फार सढळपणे वापरला जातो. कादंबरीतील प्रदेशवर्णन, नाटकातील प्रकाशयोजना, कथेतील सूचक तपशील यांचा परिणाम सांगताना 'वातावरणनिर्मिती उत्तम साधली आहे' एवढे विधान केले की समीक्षकाचे काम संपले, असे मानण्याची प्रथा आहे. गीताच्या बाबतीत तर हा शब्द अधिकच संदिग्ध होतो. शब्द, स्वर आणि ताल यांचा हिशेब देऊन झाल्यावर जे शिल्लक उरते आणि ज्याला नेमके नाव देता येत नाही, ते सारे या एका शब्दाच्या पोतडीत भरले जाते. परिणामी, वातावरण म्हणजे गीताच्या अंगावर बाहेरून पांघरलेली शाल होय, ती काढून घेतली तरी आतील देह अबाधित राहतो, अशी समजूत दृढ झाली आहे.

ही समजूत तपासून पाहण्यास आज दोन कारणे आहेत. पहिले असे की, विसाव्या शतकाच्या अखेरीस पाश्चात्त्य देशांत एक असा गीतप्रकार रूढ झाला की ज्यात वातावरण हेच गीताचे प्रधान अंग होऊन बसले. आणि तो प्रकार आता पुण्यामुंबईतीलच नव्हे, तर मावळातील तरुण वादकांच्याही परिचयाचा आहे. दुसरे असे की, आपल्या स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या विद्यापीठीय अभ्यासक्रमात केवळ छापील शब्द म्हणून वाचल्या जातात, आणि अशा वाचनात त्या पुष्कळदा पुनरुक्त व तुटक वाटतात. या दोन गोष्टींचा परस्परसंबंध सहसा कोणी जोडीत नाही. परंतु एकाच घरात आजीचे जाते पडवीच्या कोपऱ्यात आणि नातवाची विजेची गिटार खोलीत अशी स्थिती आज असू शकते, आणि नातू जे यंत्राच्या साह्याने शोधीत आहे ते आजीने दगडाच्या साह्याने साधले होते की काय, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकानेही विचारण्याजोगा आहे.

या प्रश्नाच्या विवेचनासाठी येथे दोन टोके घेतली आहेत. एक, आयर्लंडमधील 'यू टू' या वाद्यवृंदाचे १९८७ साली प्रसिद्ध झालेले एक विख्यात गीत. दुसरे, तिकोणा पेठ आणि तिच्या भोवतालच्या मावळ-मुळशीच्या डोंगराळ मुलखातील जात्यावरची ओवी. या दोहोंत कोणताही ऐतिहासिक प्रभाव किंवा ऋण दाखविण्याचा येथे हेतू नाही. गीतात वातावरण कसे घडते, एवढा एकच प्रश्न दोघांना विचारावयाचा आहे.

२

'पर्यायी रॉक' हे नाव १९८० नंतरच्या दशकात प्रचलित झाले. मोठ्या ध्वनिमुद्रिका-कंपन्यांच्या मुख्य बाजारपेठेबाहेर, लहान स्वतंत्र कंपन्यांच्या आणि अमेरिकेत महाविद्यालयीन नभोवाणी केंद्रांच्या आश्रयाने वाढलेल्या रॉक संगीताला हे नाव मिळाले. पुढे त्यातील कित्येक वादक जगप्रसिद्ध झाले आणि 'पर्यायी' या विशेषणाचा मूळ अर्थ विरळ झाला. या संगीताची एक शाखा मात्र निश्चित लक्षणांनी ओळखता येते. तीत शब्द थोडे आणि अर्थ अस्फुट असतो. कंठस्वर पुढे न येता वाद्यध्वनीच्या दाट थरांत अर्धवट बुडालेला असतो. आणि श्रोत्याच्या मनावर उमटतो तो एखाद्या विधानाचा ठसा नसून एखाद्या अवकाशाचा असतो. 'माय ब्लडी व्हॅलेंटाइन' या वृंदाच्या १९९१ सालच्या 'लव्हलेस' या संग्रहात गिटारचे सूर एकमेकांत इतके विरघळलेले आहेत की शब्द ऐकू येणे जवळजवळ आनुषंगिक ठरते. आइसलंडच्या 'सिगुर रोस' या वृंदाने तर २००२ सालच्या आपल्या संग्रहात कोणत्याही भाषेत नसलेले अर्थशून्य उच्चार गाइले. ही या शाखेची अंतिम सीमा मानावयास हरकत नाही.

'यू टू'चे गीत या सीमेवरचे नाही. त्याला शब्द आहेत आणि त्या शब्दांना विषयही आहे. म्हणूनच ते येथे अधिक उपयुक्त आहे. या गीताचे नाव 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम', म्हणजे जेथे रस्त्यांना नावे नाहीत अशी जागा. ते 'द जोशुआ ट्री' या संग्रहाचे पहिले गीत होय. त्याची घडण वातावरणाच्या दृष्टीने उद्बोधक आहे.

या घडणीची पूर्वपीठिका थोडी मागे जाते. १९८४ साली या वृंदाने ब्रायन ईनो आणि डॅनिएल लान्वा या दोघांना निर्माते म्हणून बोलाविले आणि 'द अनफर्गेटेबल फायर' या संग्रहाचे काही ध्वनिमुद्रण आयर्लंडमधील स्लेन येथील किल्लेवजा वाड्यात केले. ध्वनिमुद्रणाची खोली ही सामान्यतः आवाज शोषून घेणारी, कोरडी असावी असा संकेत. येथे उलट, उंच छताच्या दालनांत आवाज जसा घुमतो तसाच तो टिपून घ्यावा असा हेतू होता. ईनोने १९७८ साली 'म्यूझिक फॉर एअरपोर्ट्स' या संग्रहात निरनिराळ्या लांबीची ध्वनिफितीची वेटोळी एकमेकांवर फिरत ठेवून, ज्याला सुरुवात वा शेवट नाही असे संगीत सिद्ध केले होते. वाद्यवृंदातील निर्माता हा आजवर गायकाच्या मागे उभा असलेला कारागीर होता. ईनोच्या हाती तो अवकाशाचा रचनाकार झाला.

१९८६ साली 'द जोशुआ ट्री'चे काम मुख्यत्वे डब्लिनजवळच्या डेन्समोट या जुन्या मोठ्या घरात चालले. 'व्हेअर द स्ट्रीट्स'चा आराखडा 'द एज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या गिटारवादकाने आपल्या घरी, चार पट्ट्यांच्या ध्वनिमुद्रकावर तयार केला. प्रत्यक्ष मैफलीत सर्वांत प्रभावी ठरेल असे गीत आपल्या वृंदाकडून व्हावे, अशी त्याची कल्पना होती. गीताच्या आरंभी वाद्यपेटीसारखा एक दीर्घ, स्थिर नाद शून्यातून हळूहळू वर येतो. त्याच्यावर सहा स्वरांची एक गिटारची ओळ फिरू लागते आणि फिरतच राहते. हा आरंभ तीन मात्रांच्या आवर्तनात आहे, तर गीताचा मुख्य भाग चार मात्रांच्या आवर्तनात आहे. एकातून दुसऱ्यात जाण्याचा सांधा वादकांना फार जड गेला. लान्वाला फळ्यावर स्वरसंगतींचा क्रम लिहून, हाती छडी घेऊन, वादकांना टप्प्याटप्प्याने तो दाखवावा लागला. या एका गीतावर एवढा काळ खर्ची पडला की ती ध्वनिफीत पुसून टाकून सारे नव्याने सुरू करावे असे ईनोच्या मनात आले होते. तसे घडले नाही. गायकाचा स्वर ऐकू येतो तो सुमारे पावणेदोन मिनिटांनंतर. म्हणजे साडेपाच मिनिटांच्या या गीताचा जवळजवळ तिसरा हिस्सा माणसाच्या वाणीची वाट पाहण्यात जातो.

शब्दांचा विषय मात्र अतिशय ठोस आहे. बेलफास्ट शहरात माणूस कोणत्या रस्त्यावर राहतो यावरून त्याचा पंथ आणि त्याची मिळकत ओळखता येते, हे त्यामागील एक सूत्र. आणि १९८५ साली गायक बोनो व त्याची पत्नी इथिओपियात दुष्काळपीडितांच्या छावणीत काम करण्यास गेले होते, तेथील वास्तव्य हे दुसरे. नावामुळे माणसाची जी विभागणी होते ती जेथे नाही अशा जागेची ओढ या गीतात आहे. बोनोने पुढे स्वतःच या गीतातील काही शब्द सामान्य प्रतीचे आणि अपुरे असल्याचे मान्य केले आहे. तरीही गीत उणे पडत नाही. ते का पडत नाही, हा समीक्षेचा प्रश्न आहे.

३

या प्रश्नाचे उत्तर गिटारच्या पडसादात सापडते. 'एज' ज्या यंत्राचा उपयोग करतो ते, वाजविलेला स्वर टिपून घेऊन ठराविक काळाने पुन्हा ऐकविते. हा काळ त्याने अनेकदा मात्रेच्या पाऊण पटीचा ठेवला आहे. या गीताची गती मिनिटाला सुमारे १२६ मात्रा आहे. तेव्हा एक मात्रा साधारण ०.४८ सेकंदाची आणि पाऊण मात्रा ०.३६ सेकंदाची होते. वादक जर दर अर्ध्या मात्रेला एक आघात करीत असेल, तर पाऊण मात्रेने परत येणारा पडसाद पुढील दोन आघातांच्या बरोबर मध्ये पडतो. हात जेवढे स्वर वाजवितो त्याच्या दुप्पट स्वर कानी येतात, आणि त्यांतील अर्धे यंत्राचे असतात. तालाचा जो झुळझुळता प्रवाह श्रोत्याला ऐकू येतो, तो वादकाने एकट्याने वाजविलेला नसतो आणि यंत्राने एकट्याने निर्मिलेलाही नसतो.

यातून एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. यंत्र एकदा सुरू झाले की ते वादकासाठी थांबत नाही. वादकाने घाई केली तर पडसाद आघातावर आदळतो, तो रेंगाळला तर पडसाद उघडा पडतो. म्हणून वादकाला आपल्याच मागील कृतीचे पुनरागमन ऐकत पुढील कृती करावी लागते. वातावरण निर्माण होते ते येथे. ते यंत्रात नाही. तसे असते तर तेच यंत्र विकत घेणाऱ्या प्रत्येकास ते साधले असते. ते वादकाच्या हातातही नाही. आपल्याशिवाय चालू राहणाऱ्या एका ध्वनीशी मनुष्य जो संबंध जोडतो, त्या संबंधाचे नाव वातावरण होय.

संस्कृत साहित्यशास्त्राच्या परिभाषेत ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. भावाचे कारण जे विभाव, त्यांचे आलंबन आणि उद्दीपन असे दोन प्रकार मानले जातात. ज्याला उद्देशून भाव उत्पन्न होतो ते आलंबन. त्या भावाला जे प्रज्वलित करते ते, म्हणजे चंद्र, मेघ, उपवन इत्यादी, उद्दीपन. परंपरेने उद्दीपनाला दुय्यम स्थान दिले. वातावरणप्रधान रॉकगीताने हा क्रम उलटविला आहे. त्यात आलंबन धूसर असते. गायक कोणाला उद्देशून गातो आहे हे पुष्कळदा कळत नाही. उद्दीपन मात्र समोर, सतत आणि दाट असते. 'सिगुर रोस'च्या अर्थशून्य उच्चारांत तर आलंबन जवळजवळ लोपले आहे. उद्दीपनाच्या बळावरच रस सिद्ध करू पाहणारा हा प्रयोग आहे, आणि त्याचे यश व त्याची मर्यादा ही दोन्ही याच एका गोष्टीत आहेत.

बा. सी. मर्ढेकरांनी 'सौंदर्य आणि साहित्य' (१९५५) या ग्रंथात लयतत्त्वाची मांडणी करताना संवाद, विरोध आणि समतोल असे तीन संबंध सांगितले. त्यांचा येथे सरळ उपयोग होतो. स्थिर नाद आणि फिरती गिटार यांत संवाद आहे. तीन मात्रांचा आरंभ आणि चार मात्रांचा मुख्य भाग यांत विरोध आहे. आणि पावणेदोन मिनिटांच्या प्रतीक्षेनंतर येणारा कंठस्वर हा समतोल साधतो. शब्द कच्चे असूनही गीत उभे राहते, कारण शब्द ज्या ठिकाणी येतात ती जागा त्यांच्यासाठी आधीच तयार झालेली असते. याचा अर्थ शब्द गौण आहेत असा नव्हे. शब्दाचे मूल्य त्याच्या अर्थाइतकेच त्याच्या आगमनाच्या क्षणावर अवलंबून असते, एवढाच त्याचा अर्थ.

४

हेच तत्त्व हाती घेऊन आता पवन मावळात यावयाचे आहे. कामशेतच्या दक्षिणेस पवना नदीच्या खोऱ्यात तिकोणा अथवा वितंडगड हा त्रिकोणी माथ्याचा किल्ला आहे. त्याच्या पायथ्याचे गाव ते तिकोणा पेठ. समोर तुंगचा सुळका, उत्तरेस लोहगड आणि विसापूर, आणि मध्ये पवना धरणाचा जलाशय. पावसाळ्याचे चार महिने हा मुलूख ढगांत असतो. याच मावळात कार्ले, भाजे आणि बेडसे येथील लेणी आहेत. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब असून त्याच्या दगडी कमानीखाली उच्चारलेला शब्द बराच काळ घुमत राहतो. स्लेनच्या वाड्यात आयरिश वादक जे शोधीत होते, ते मावळच्या दगडाला दोन हजार वर्षांपूर्वी ठाऊक होते, असे म्हणण्याचा मोह येथे होईल. तो आवरला पाहिजे. घुमणारा अवकाश हा वातावरणाचा केवळ एक पदार्थ आहे. जिवंत संबंधाशिवाय तो पर्यटकाच्या हाकेलाही तेवढाच प्रतिसाद देतो. मावळच्या गीताचे वातावरण लेण्यात घडले नाही, ते घरातील जात्यापाशी घडले.

जात्यावरच्या गाण्याची परंपरा प्राचीन आहे. कल्याणीच्या चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातील 'मानसोल्लास' या ग्रंथात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात असा उल्लेख आहे. कांडणे आणि दळणे ही दोन्ही कामे ओवीची जन्मस्थाने होत. आधुनिक काळात साने गुरुजी, कमलाबाई देशपांडे, मालतीबाई दांडेकर, सरोजिनी बाबर आदींनी या ओव्यांचे संकलन केले. मावळ-मुळशीच्या दृष्टीने सर्वांत मोठे काम हेमा राईरकर आणि गी प्वातव्हँ यांचे. १९८० नंतरच्या दशकात पुणे जिल्ह्यातील डोंगरी भागातील कष्टकऱ्यांच्या संघटनेचे काम करीत असताना त्यांनी या स्त्रियांच्या ओव्या लिहून घेण्यास आरंभ केला. पुढे महाराष्ट्रभर पसरलेल्या या संग्रहाची संख्या एक लाख दहा हजारांवर गेली. १९९० नंतरच्या दशकात संगीताचे संगणकीय अभ्यासक बर्नार्ड बेल हे या कार्यात सामील झाले आणि ओव्यांचे ध्वनिमुद्रणही होऊ लागले. हा संग्रह २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने सर्वांस खुला केला आहे.

आता जात्याच्या ध्वनीकडे पाहू. खालची तळी स्थिर, वरची फिरती. खुंटा धरून एक किंवा दोन स्त्रिया ती फिरवितात, आणि एक हात मोकळा करून मूठमूठ दाणे जात्याच्या तोंडात वैरतात. निघणारा ध्वनी खर्जातील, जाड आणि अखंड असतो. पण तो एकसारखा नसतो. प्रत्येक फेऱ्यात ढकलण्याच्या भागी तो भरतो आणि ओढण्याच्या भागी किंचित उतरतो. दाणे वैरताच आवाज मऊ आणि भरीव होतो. दाणे संपत आले की दगडावर दगड घासून तो कोरडा, खरखरीत होतो. नाचणीचा आवाज ज्वारीसारखा नसतो, आणि नुकत्याच टाकलेल्या, म्हणजे टाकीने खडबडीत केलेल्या, जात्याचा आवाज गुळगुळीत झालेल्या जात्यासारखा नसतो. पहाटेच्या अंधारात, घर झोपलेले असताना, हा ध्वनी बाईच्या कानी येतो तो तिच्याच दंडातून.

येथे तंबोऱ्याशी तुलना सुचणे स्वाभाविक आहे. कारण आपल्या शास्त्रोक्त गायनात आधारनादाचे काम तंबोरा करतो. पण दोहोंत मूलभूत फरक आहे. तंबोरा गायकाला स्वर देतो आणि त्याच्याकडून काही मागत नाही. जाते स्वर देत नाही, ते श्रम मागते. बाईचा श्वास फेऱ्याशी बांधलेला असतो. ढकलताना दम लागतो, ओढताना तो सुटतो, आणि ओवीची ओळ त्या दमावर तोडावी वा लांबवावी लागते. ओळीत 'बाई', 'ग', 'माझ्या', 'सई' असे जे भरीचे शब्द येतात आणि छापील प्रतीत बहुधा गाळले जातात, त्यांचे कारण बहुतांशी हेच आहे. ते शब्द फेरा पुरा करतात. चालीला या स्त्रिया 'गळा' म्हणतात, हेही अर्थपूर्ण आहे. एकाच गळ्यावर शेकडो ओव्या बसतात, कारण गळा ओवीचा नसतो, तो बाईच्या शरीराचा आणि जात्याचा करार असतो.

रॉकगीताच्या घडणीत जे तत्त्व आढळले तेच येथे अधिक मूलभूत रूपात दिसते. पडसादाचे यंत्र वादकासाठी थांबत नाही. दळण बाईसाठी थांबत नाही, कारण सकाळी भाकरी व्हावयाची असते. वादक आपल्या मागील आघाताचे पुनरागमन ऐकून पुढील आघात करतो. बाई आपल्या मागील फेऱ्याचा जोर अंगावर घेऊन पुढील ओळ म्हणते. दोन स्त्रिया जात्यावर बसल्या की एकीने टाकलेली ओळ दुसरी उचलते, तेव्हा तर पडसादाला देहच लाभतो. वातावरण ही दोन्हीकडे शोभेची वस्तू नसून ती शिस्त आहे.

५

साम्य येथवर आहे. भेद याहून महत्त्वाचा आहे. रॉकगीतात आलंबन धूसर आणि उद्दीपन दाट, असे वर म्हटले. ओवीत दोन्ही दाट आहेत. जात्याचा नाद अखंड असतो आणि त्यावर जे येते ते अतिशय नेमके असते. भाऊ, आई, लेक, सासू, शेजारीण, विठ्ठल, आळंदी, देहू, माहेरची वाट, सासरचे गाव, ही सर्व आलंबने ओवीत नावानिशी येतात. 'व्हेअर द स्ट्रीट्स'चे स्वप्न नावांपासून मुक्त अशा जागेचे आहे; ओवी नावांचीच बनलेली आहे. एक गीत नाव पुसून माणसाला मोकळे करू पाहते, दुसरे नाव उच्चारून त्याला हाक मारते.

हा भेद केवळ वृत्तीचा नाही, तो परिस्थितीचा आहे. बेलफास्टच्या रस्त्याचे नाव माणसाचा पंथ उघड करते. महाराष्ट्रातील खेड्यात आळीचे आणि वस्तीचे नाव माणसाची जात उघड करीत आले आहे. या अर्थाने दोन्ही गीते एकाच दुःखाच्या शेजारी उभी आहेत. परंतु ओवी गाणारी बाई नावापासून पळून जाऊ शकत नाही. तिचे घर, तिची विहीर, तिचा उंबरा तेथेच असतो. म्हणून ती नाव बदलत नाही, नावाचा अर्थ बदलते. दलित स्त्रियांनी जात्यावर रचलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवरील ओव्या याची साक्ष आहेत. ज्या गळ्यावर विठ्ठलाचे नाव येत होते, त्याच गळ्यावर भीमरावांचे नाव आले, आणि जात्याच्या नादात एक नवा इतिहास प्रविष्ट झाला. जात्यावरच्या ओवीला केवळ गतकालीन शांत ग्रामजीवनाचे चित्र मानणाऱ्या वाचकाने या ओव्यांचा विचार अवश्य करावा.

दुसरा भेद श्रोत्याचा. रॉकगीत आरंभापासून श्रोत्यांच्या समुदायासाठी कल्पिले गेले. त्याचा दीर्घ आरंभ म्हणजे हजारो माणसांना एका श्वासात आणण्याची योजना आहे. ओवीला श्रोता नाही. गाणारी आणि ऐकणारी एकच असते, किंवा फार तर समोर बसलेली दुसरी दळणारी. जाते ऐकेल, सासू ऐकणार नाही, या विश्वासावर कित्येक गोष्टी ओवीत सांगितल्या जातात. जात्याची घरघर गाण्याला आधार देते आणि त्याच वेळी ते गाणे झाकते. एकाच ध्वनीने उच्चाराला बळ द्यावे आणि आडोसाही द्यावा, ही किमया ध्वनिमुद्रणाच्या कोणत्याही दालनाला साधलेली नाही. या आडोशामुळेच ओवी इतकी धीट होऊ शकली.

तिसरा भेद शेवटाचा. रॉकगीताचा अंत रचलेला असतो. 'व्हेअर द स्ट्रीट्स'मध्ये आरंभीचे तीन मात्रांचे आवर्तन अखेरीस परत येते आणि वर्तुळ पुरे होते. ओवीचा अंत दळणावर अवलंबून असतो. पायलीभर दाण्यांना जेवढ्या ओव्या लागतील तेवढ्या. एका ओवीला स्वतंत्र कलाकृती मानून तिच्यात आरंभ, मध्य आणि अंत शोधणारी समीक्षा म्हणूनच वारंवार निराश होते. ओवी हा एकाकी श्लोक नव्हे. ती एका प्रवाहातील ओंजळ आहे.

६

या विवेचनातून व्यवहारात उतरणारे दोन निष्कर्ष निघतात.

पहिला निष्कर्ष अभ्यासकासाठी. पिठाच्या गिरण्या खेडोपाडी आल्या आणि रोजचे दळण थांबले. अनेक गावांत जाते आज उरले आहे ते लग्नाच्या हळदीपुरते. संग्राहक गावात पोहोचले तेव्हा कित्येक स्त्रियांनी आठवून ओव्या सांगितल्या. काही जात्याशी बसून गाइल्या, काही नुसत्याच. या दोन प्रकारांतील अंतर संपादनात नोंदले गेले पाहिजे. जात्याविना सांगितलेली ओवी खोटी नव्हे. पण ती आधारनाद काढून घेतलेली ओवी आहे, आणि तिच्या ओळींची लांबी, तिची विरामस्थाने व तिची पुनरुक्ती वेगळी होते. वर्गात ओवी शिकविताना छापील पाठाबरोबर ध्वनिमुद्रण ऐकविणे ही रंजनाची सोय नसून पाठचिकित्सेचे अंग आहे. ज्या विद्यार्थ्याने ओवीची ओळ फेऱ्यावर कशी तुटते हे एकदाही ऐकले नाही, त्याने तिच्या छंदाविषयी विधान करणे धाडसाचे आहे. पूर्वसूरींच्या संकलनांचे मोल याने कमी होत नाही. त्यांच्या हाती बहुधा लेखणीच होती, आणि लेखणीने जेवढे वाचविता आले तेवढे त्यांनी वाचविले.

दुसरा निष्कर्ष गीतकारासाठी. आज संगणकावर गीत रचणाऱ्या तरुणाला तिकोण्याच्या पायथ्याचा पाऊस, पवनेच्या पाण्यावरचा वारा आणि जात्याची घरघर हे सारे सहज टिपून घेता येते. तो त्या घरघरीचा एक तुकडा कापतो, गीताच्या ठेक्यात बसेल असा ताणतो आणि तोच पुन्हा पुन्हा फिरवितो. ऐकताना क्षणभर गावाची आठवण होते आणि लगेच विरते. असे का होते, याचे उत्तर वरील विवेचनात आहे. मूळ जाते हात थकला की मंद होई, दाणे वैरले की मऊ होई. कापलेला तुकडा कधीच थकत नाही. यावर कोणी म्हणेल की 'एज'चे पडसादाचे यंत्रही थकत नव्हते. हे खरे आहे. पण तेथे मनुष्य यंत्राच्या काळाला बांधलेला होता, त्याला चुकण्याची भीती होती, आणि त्या सांध्यासाठी फार कष्ट पडले. कापून ताणलेल्या तुकड्यापाशी कोणीच कोणाला बांधलेले नसते. ध्वनी आज्ञाधारक झाला की तो वातावरण राहत नाही, सजावट होतो.

तेव्हा संग्राहकाने शब्द घेतले आणि नाद टाकला, नवा संगीतकार नाद घेतो आणि शब्द टाकतो. एकाच गीताची ही दोन विरुद्ध बाजूंनी झालेली मोडतोड आहे. दोघांची चूक एकाच समजुतीतून उद्भवते, ती म्हणजे वातावरण हे गीताच्या बाहेर असते ही. मावळातील एखादा तरुण उद्या आपल्या गिटारचा पडसाद जात्याच्या खऱ्या, असमान, थकणाऱ्या फेऱ्यांवर लावून पाहील, त्या फेऱ्यांना आपल्या ठेक्यात न बसविता आपणच त्यांच्या मागे जाईल, आणि त्यावर आलेल्या नावांना बुडू देणार नाही, तर त्याला काय सापडेल हे आज सांगता येणार नाही. आजीला मात्र त्यात आपले काम ओळखता यावे, एवढी कसोटी त्याच्या गीताला पुरेशी आहे. समीक्षेनेही त्या दिवसापूर्वी आपल्या पोतडीतील 'वातावरण' हा शब्द बाहेर काढून त्याचा हिशेब पुरा केलेला असावा.